राखणदाराची बाटली

सामंतसाहेब रोज सकाळी एका इमारतीशी बोलायचे. अजमानहून जबल अलीला जाताना, दुबईचा मधला भाग मागे पडला की ती दिसायची. निम्म्यावर काम थांबलेली, डोक्यावर बंद पडलेली क्रेन घेऊन उभी. सामंत गाडीचा वेग जरा कमी करायचे, काच खाली घ्यायचे आणि अगदी आपुलकीनं विचारायचे, "काय राव, कुठवर आलास?" मग उत्तर ऐकल्यासारखी मान हलवून काच वर. "कालच्याच मजल्यावर आहे म्हणतो," असं मला सांगायचे आणि वेग वाढवायचे.

त्या इमारतीचा प्रोग्रॅम त्यांनीच केलेला होता. प्रोग्रॅम म्हणजे कुठलं काम कधी सुरू होणार, कधी संपणार, कशानंतर काय, याचा भिंतभर तक्ता. ते आमच्या कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर. मी एस्टिमेशनला, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, ठाण्याहून नुकताच गेलेला. अजमानात आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, ते पहिल्या मजल्यावर कुटुंबासह, मी दुसऱ्यावर सडाफटिंग. त्यांच्या गाडीतून मला लिफ्ट होती. अट एकच: शारजा ओलांडेपर्यंत कंपनीचा विषय काढायचा नाही. आता शारजाचं ट्रॅफिक म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. अर्धा प्रवास आम्ही दोघे पुढच्या गाडीचा लाल दिवा बघत मुकाट बसायचो.

आणि विषय तरी काय काढणार? दोन हजार आठची पडझड होऊन वर्ष उलटलं होतं. कामं बंद, पण साहेबलोकांना दर गुरुवारी प्रोग्रॅम मात्र ताजा लागायचा. सामंत दर आठवड्याला त्याच बंद इमारतींचे तक्ते काढून सगळ्या पट्ट्या सात दिवस उजवीकडे सरकवायचे. "पाटकर," ते म्हणायचे, "बांधकामाचा पगार घेऊन झाला. आता ढकलायचा पगार घेतो." ते हे गमतीनं म्हणायचे, पण गुरुवारी संध्याकाळी गाडी चालवताना ते फार थकलेले दिसायचे. काम करून माणूस इतका थकत नाही.

अंगानं किडकिडीत, वर्ण काळासावळा, कॉलरच्या आत घामासाठी घडी करून ठेवलेला रुमाल. ऑफिसातल्या एसीमुळे ऐन जूनमध्ये हाफ स्वेटर घालायचे आणि खाली उतरल्यावरही काढायला विसरायचे. मूळचे वेंगुर्ल्याचे, वाढलेले डोंबिवलीत. मालवणी फक्त दोन ठिकाणी बोलायचे. एक स्वतःशी आणि दुसरं शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, अजमानच्या मासळी बाजारात. तिथला मल्याळी मासेवाला त्यांच्याशी मल्याळीतून भांडायचा, हे मालवणीतून, आणि सुरमई दोघांच्या मनासारख्या भावात सुटायची. कुठल्याही गोष्टीला उत्तर मात्र एकच मालवणी शब्द, ठरलेला: "होतला." म्हणजे होईल. पगारवाढ? होतला. लिफ्टची दुरुस्ती? होतला. एकदा मी म्हटलं, म्हणजे इथले लोक इन्शाल्ला म्हणतात तसंच ना? तर म्हणाले, "नाही रे. इन्शाल्लामध्ये देवाची जबाबदारी असते. होतलामध्ये कोणाचीच नसते."

घरात तिघं. मंगलवहिनी मूळच्या सदाशिव पेठेतल्या. हिशेबाला पक्क्या, देवाला त्याहून पक्क्या. पाच दिरहॅमचा नारळ घेतला की "म्हणजे साठ रुपये की हो!" असं मोठ्यानं म्हटल्याशिवाय तो पिशवीत जायचा नाही. आणि मुलगी रेवा, त्या वर्षी बारावीला. तिच्याशी कोणी मराठीत बोललं तरी ती इंग्रजीत उत्तर द्यायची. उद्धटपणा नव्हता त्यात. तिकडची सगळी मुलं तशीच.

त्या वर्षी सामंतांच्या घरात एकच प्रश्न होता. मार्चमध्ये रेवाची बोर्डाची परीक्षा, तोवर टिकायचं कसं? नोकरी गेली की व्हिसा रद्द, सामंतांचा गेला की मायलेकींचाही गेला, आणि मग महिन्याभरात चंबूगबाळं आवरायचं. बारावीच्या ऐन मध्यात मुलीला उचलून कुठल्या शाळेत नेऊन घालणार? "मार्चपर्यंत ढकलायचं," सामंत म्हणायचे. "शेवटचा पेपर झाला की आपण तिघंही घरी. मग मी डोंबिवलीला गॅलरीत बसून महिनाभर नुसता लोळणार." वहिनी हे वाक्य मला रोज एकदा ऐकवायच्या. त्यावर त्यांचा दिवस निघायचा.

नोव्हेंबरात ग्रॅहम गेला. ग्रॅहम आमचा प्रोजेक्ट मॅनेजर, यॉर्कशरकडचा, लालबुंद चेहऱ्याचा. सामंतांना तो सॅम म्हणायचा. त्याला सकाळी नारळ मिळाला, दुपारी तो टेबल आवरून सामंतांकडे आला आणि म्हणाला, "सॅम, माझ्याबरोबर पार्किंगमध्ये ये." डिकीत एक मोठी पांढरी प्लास्टिकची झाकणाची बादली होती. आत एक जाडजूड डबा, दोन पुड्या, वाकडी काचेची नळी, बुचं ठोकायचं यंत्र आणि खोकाभर रिकाम्या तपकिरी बाटल्या. घरच्या घरी विंटर एल करायचा संच. एल म्हणजे बिअरचीच थोरली बहीण, रंगानं काळसर, अंगानं दाट. ग्रॅहमच्या गावी ती थंडी सुरू होताना घालतात आणि नाताळात उघडतात. यंदा नाताळात तो इथे नसणार होता. "डोन्ट रश इट, सॅम," एवढंच तो म्हणाला. मग दोघांनी हात मिळवले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मी गाडीशी उभा होतो. मला उगाचच बुटांकडे बघावंसं वाटलं.

येताना मी विचारलं, "साहेब, अजमानात बाटली सहज मिळते. मग हा उपद्व्याप कशाला? आणि घरी करताना कोणी पकडलं तर?" सामंत प्यायचेही बेताचेच. वर्षाकाठी दोनदा, तेही कोणी हातात ग्लास दिला तर. शारजाचं ट्रॅफिक लागल्यावर ते म्हणाले, "पाटकर, दीड वर्षात माझ्या हातून एक गोष्ट सुरू होऊन संपलेली नाही. ही सुरू होते आणि संपते. मार्चमध्ये उघडू. रेवाचा शेवटचा पेपर झाला की." मग जरा वेळानं, "आणि पकडलं तर सांगू, लोणचं आहे."

त्या शुक्रवारी त्यांनी भिंतीवर एलचा प्रोग्रॅम लावला. बाटल्या धुणे, अर्क कालवणे, आंबवणे, बाटलीत भरणे, मुरवणे. शेवटची पट्टी थेट मार्चपर्यंत. डब्यातला जवाचा अर्क काकवीसारखा घट्ट होता. तो गरम पाण्यात पातळ करून, साखर घालून, बादली खुणेपर्यंत भरून त्यावर पुडीतलं यीस्ट भुरभुरवायचं आणि झाकण लावायचं. झाकणातल्या वाकड्या नळीत थोडं पाणी, त्यातून बुडबुडे बाहेर येत राहिले की समजायचं, आत काम चालू आहे. हे सगळं सामंतांनी फार टापटिपीनं केलं. मग त्यांनी सूचनापत्रातली पुढची ओळ वाचली: बादली उबदार जागी ठेवावी, वाटल्यास ब्लँकेटमध्ये गुंडाळावी.

आता ही सूचना लिहिणारा माणूस बर्फाच्या देशातला. हे सामंतांच्या ध्यानात यायला हवं होतं, माझ्याही. पण आम्ही पडलो कॉन्ट्रॅक्टमधली माणसं. लिहिलंय तसं करायचं, शंका असेल तर पत्र पाठवायचं. अजमानात तेव्हा आम्ही बनियनवर बसलो होतो. सामंतांनी ट्रंकेतून सोलापुरी चादर काढली, बादली लहान मूल गुंडाळावं तशी गुंडाळली आणि न्हाणीघरात गिझरच्या खाली नेऊन ठेवली. वर गिझर चालू केला. वहिनी म्हणाल्या, "बाळंतिणीची खोली केलीत की हो." सामंत म्हणाले, "उबदार म्हटलंय. गिझरइतकं उबदार घरात दुसरं काय आहे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. सुरमईचं कालवण होतं. न्हाणीघरातून आधी घशात काही अडकल्यासारखा आवाज आला, मग फाट्कन दणका. जाऊन बघतो तर काचेची नळी छताला आपटून बेसिनमध्ये पडलेली, आणि झाकणाच्या भोकातून तपकिरी फेस उसळत चादरीवरून, जमिनीवरून थेट उंबऱ्यापर्यंत आलेला. वास सगळ्या जिन्यात. समोरच्या मल्याळी बाईंनी दार उघडलं. वहिनी घाईघाईनं म्हणाल्या, "आंटी, वो डोसे का आटा फसफस गया." त्या बाईंची हयात डोशाच्या पिठात गेलेली. त्यांनी एकदा दीर्घ श्वास घेतला, हसल्या आणि दार लावून घेतलं. रेवा फेसात उभी राहून पोट धरून हसत होती. "बाबा, यू किल्ड इट!" ती म्हणाली. त्या घरात इतकं हसू मी त्यानंतर ऐकलं नाही.

मेली नव्हती. चादर सोडवली, गिझर बंद केला. आता थंड जागा हवी. घरात सगळ्यांत थंड जागा म्हणजे बिनखिडकीची सामानाची खोली, आणि तिथे वहिनींचं देवघर. तिथे मात्र खरं भांडण झालं. "माझे देव आणि तुमची दारू एका खोलीत राहणार नाहीत," वहिनी म्हणाल्या. शेवटी मध्ये वहिनींच्या जुन्या साडीचा पडदा लागला. पडद्याच्या अलीकडे देव, पलीकडे टबभर पाण्यात उभी केलेली बादली. चादर धुऊन वाळत घातली, पण तिचा वास काही गेला नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सामंतांना पत्र मिळालं. त्या दिवशी परतताना त्यांनी शारजा ओलांडायच्या आतच मला सांगितलं, त्यावरूनच मी काय ते समजलो. त्यांना एक महिन्याची नोटीस दिली होती. दुसऱ्या नोकरीसाठी लागणारी एनओसी कंपनी द्यायला तयार होती, तेवढं बरं होतं. सकाळी त्या अर्धवट इमारतीपाशी त्यांनी काच खाली घेतली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. कुणकुण आधीच लागली असावी.

वहिनींनी त्याच संध्याकाळी देव पाण्यात ठेवले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, सगळे एका पितळी पातेल्यात. नवस मोठा असला की आपल्याकडे बायका असं करतात. काम झाल्याशिवाय देवांना कोरडं करायचं नाही. सामंत पडद्यापलीकडे बादलीचे बुडबुडे बघत बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "मंगल, आता देव पण पाण्यात आणि दारू पण पाण्यात. बघूया आधी कोण वर येतो." वहिनी हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "भाऊजी, नोकरी मिळाली म्हणून मी देव काढायची नाही. इथल्या नोकरीचा काय भरवसा? रेवाचा शेवटचा पेपर झाला की काढीन."

पातेल्यातलं पाणी त्या रोज बदलायच्या. देवाचं पाणी मोरीत ओतायचं नाही म्हणून ते घेऊन खाली जायच्या आणि पार्किंगच्या कोपऱ्यातल्या कडुनिंबाला घालायच्या. मालकानं खर्च नको म्हणून झाडांचं पाणी कधीच तोडलं होतं. बाकीची वाळून गेली होती. हा एक कडुनिंब कसाबसा तगून होता, आणि आता त्याला रोज देवाचं पाणी मिळायला लागलं.

बादलीतले बुडबुडे थांबल्यावर एका शुक्रवारी बाटल्या भरल्या. प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर, मग एल, मग वर बूच. सामंत दिवसभर नोकरी शोधून, फोन करून, लोकांच्या बाहेरच्या खोल्यांत बसून दमलेले असायचे, पण त्या दिवशी त्यांचे हात फार स्थिर होते. सगळ्या बाटल्या भरून झाल्यावर त्यांनी पहिली भरलेली बाटली बाजूला काढली. तिच्या गळ्याला वहिनींच्या पूजेच्या डब्यातला लाल नाडा बांधला आणि म्हणाले, "ही राखणदाराची."

कोकणात गावाच्या सीमेवर राखणदार असतो. कुठे वडाखाली, कुठे नुसत्या दगडात. त्याला कोंबडा लागतो, दारू लागते. सामंतांचे वडील शाळामास्तर, थेंबाला न शिवणारे, पण वर्षातून एकदा ते स्वतः बाटली घेऊन राखणदाराकडे जात. त्याला दिल्याशिवाय कोणी घोट घ्यायचा नाही. "मे महिन्यात वेंगुर्ल्याला नेणार," सामंत म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "आमच्या देवांना दूधसाखर पुरते." सामंत म्हणाले, "तुमचे देव घरात असतात, त्यांचं काय! हा उन्हातान्हात बाहेर उभा असतो." मग जरा थांबून मला म्हणाले, "तो माझ्याबरोबर इथे आलाय की नाही, कुणास ठाऊक. त्याला व्हिसा कोण देणार?"

नोकरी मिळाली ती अगदी महिना सरता सरता, डोंगरापलीकडच्या खोर फक्कानला. बंदराजवळ एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या यार्डात, कुठला कंटेनर कुठे ठेवला हे बघायची. पगार निम्म्याहून कमी, पण फॅमिली व्हिसा टिकण्यापुरता. राहायला चौघांत एक खोली, आणि गाडी विकून टाकलेली. सामंत पन्नाशीला आलेले, भिंतभर तक्ते काढणारे इंजिनिअर. तिथला फोरमन त्यांना "ओ चाचा" म्हणून हाक मारायचा. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांनी फोरमनची चांगली नक्कल केली. मला हसता आलं नाही. मला त्या दिवशी त्यांचा खरं म्हणजे रागच आला होता. इतकं सगळं मुकाट्यानं गिळायचं कारण काय, असं वाटलं होतं. कारण मला ठाऊक होतं, तरी वाटलं.

गुरुवारी रात्री यायचे, शनिवारी पहाटे जायचे. शुक्रवारभर बहुतेक झोपायचे. मासळी बाजारात मी जायला लागलो आणि दरवेळी फसून यायला लागलो. झोपेतून उठले की ते एकदा पडदा सारून बाटल्या बघायचे, दिव्यासमोर एखादी धरायचे, तळाशी गाळ बसलाय का बघायचे आणि परत ठेवायचे. एकदा मी म्हटलं, "एक न्या की तिकडे, थंडीची." तर म्हणाले, "खोर फक्कान शारजाच्या राज्यात येतं बाबा. तिथे दारूबंदी, थेंब चालत नाही. माझी दारू एका गावात आणि मी दुसऱ्यात." त्या महिन्यांत त्यांचे केस भराभर पांढरे झाले. यार्डात सावली नसते.

रेवा अभ्यास करत होती. दार लावून, हेडफोन लावून. पण शुक्रवारी सामंत झोपलेले असले की ती पुस्तकं घेऊन त्यांच्या खोलीत येऊन बसायची. एकदा मी काही द्यायला गेलो तर तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "अंकल, स्लोली. ही जस्ट स्लेप्ट."

मार्च आला. पेपर एकेक करून संपत गेले. शेवटचा पेपर होता फिजिकल एज्युकेशनचा. सामंतांनी फोनवर मला विचारलं, "म्हणजे व्यायामाच्या पेपरसाठी मी इथे कंटेनर हाकतोय?" आणि बऱ्याच दिवसांनी मोकळं हसले. त्या दिवशी त्यांना सुट्टी नव्हती. अर्ध्या दिवसाची गयावया करून, एका पठाणाच्या ट्रेलरमध्ये बसून ते डोंगर ओलांडून संध्याकाळी पोचले. पहाटे त्याच ट्रेलरनं परत जायचं होतं. अंगावर यार्डाचं चमकतं जाकीट तसंच, बुटांवर धूळ.

वहिनींनी देव वर काढले होते, पुसून, गंध लावून जागेवर बसवले होते. शिरा केला होता. त्यांचा चेहरा इतका हलका मी कधी पाहिला नव्हता. "झालं हो भाऊजी," त्या मला म्हणाल्या, "आता एप्रिलची तिकिटं काढायची. तिघांची." सामंतांनी ते ऐकलं. ते आतल्या खोलीत गेले आणि लाल नाड्याची बाटली घेऊन आले.

"ही तर वेंगुर्ल्याची ना?" वहिनी म्हणाल्या.

"मे महिन्यात हिचं उन्हात काय होईल सांगता येत नाही," सामंत म्हणाले. "इथेच देतो. जिथे राहिलो तिथे देणं बरं. चला सगळे."

आम्ही चौघे खाली कडुनिंबाशी गेलो. ऊन उतरत होतं, पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळत होती. वहिनींच्या हातात देवांचं पातेलं होतं, शेवटचं पाणी झाडाला घालायला. सामंत झाडासमोर उभे राहिले, बाटली काखेत धरली आणि अडखळले. मग म्हणाले, "मंगल, ते पाणी आधी दे. इथला जो कोणी राखणदार असेल तो इथला आहे. तो दारू घेत नसेल. त्याला पाणी देऊ."

एरवी देवाच्या आणि दारूच्या मध्ये साडीचा पडदा लावणाऱ्या वहिनींनी पातेलं त्यांच्या हातात दिलं.

कोकणात गाऱ्हाणं घालायची एक रीत आहे. एकानं देवापुढे उभं राहून सगळं मोठ्यानं बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. म्हटलं की त्या बोलण्यात आपणही सामील झालो. सामंतांनी आम्हाला तेवढं सांगितलं. रेवा म्हणाली, "ओके बाबा." मग त्यांनी हात जोडले. आवाज अगदी खालचा, क्रिकेटच्या पोरांना ऐकू जाऊ नये इतका.

"बा देवा म्हाराजा, हय जो कोण राखणदार आसात, तेका माझो नमस्कार. माका तुझा नाव म्हायत नाय."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. वहिनी पुटपुटल्या.

"पोरगेची परीक्षा होयसर तू आमका हय रवाक दिलंस. ह्या पाणी गोड मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

पाणी झाडाच्या मुळाशी गेलं. मग त्यांनी बूच काढलं. फस्स झालं, फेस त्यांच्या बोटांवरून ओघळला.

"आणि वेंगुर्ल्यासून जो कोण माझ्या वांगडा इलो आसात, ही तेची बाटली. बायल आणि पोरगी आता घराक जातत. तेंका सुखरूप ने रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं. वहिनींनी मात्र मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

सामंत झाडाकडेच बघत होते. "पोरगेचा कॉलेज होयसर मी हय एकटो रवतलंय. माझ्यार नजर ठेव रे म्हाराजा."

या वेळी कोणाकडूनच "व्हय म्हाराजा" आलं नाही. वहिनींनी रिकामं पातेलं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, त्यांचे ओठ हलले पण आवाज आला नाही. चार महिने त्यांनी देव पाण्यात ठेवले ते तिघांच्या तिकिटासाठी, आणि हा माणूस एका झाडाला सांगत होता की मुलीचं कॉलेज होईपर्यंत तो इथे एकटाच राहणार, तिकिटं दोनच लागतील. सामंत हात जोडून तसेच उभे. गाऱ्हाण्याला उत्तर मिळाल्याशिवाय ते पुरं होत नाही. बॉल आमच्या पायाशी आला, एक पोरगा येऊन घेऊन गेला.

"व्हय म्हाराजा," रेवा म्हणाली.

स्पष्ट म्हणाली, उच्चार अगदी तिच्या आजोबांच्या गावचा असावा तसा. मग बापाच्या त्या धुळकट जाकिटात तोंड खुपसून रडायला लागली. सामंतांनी बाटली झाडाच्या मुळाशी उपडी केली आणि ती पूर्ण रिकामी होईपर्यंत धरून ठेवली. दुसऱ्या हातानं ते तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते. मी उगाच क्रिकेटकडे बघत उभा राहिलो.

वर जाऊन बाकीच्यांपैकी एक बाटली फोडली. काळसर, कडवट, शेवटी जरा गोड. काकवीत कॉफी सांडावी तशी चव होती. खरं सांगतो, उत्तम झाली होती. वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "काढा आहे." त्यांचे डोळे सुजलेले होते. सामंत सोफ्यावर बसले, अर्धा ग्लास प्यायले, म्हणाले, "ग्रॅहमला कळवलं पाहिजे, संपली म्हणून." आणि बसल्या जागी झोपले, बूट पायात तसेच. मी ग्लास त्यांच्या हातातून काढून घेतला. रेवानं बूट काढले. वहिनींनी ती सोलापुरी चादर आणून अंगावर घातली. अजून तिला फेसाचा वास येत होता.

पहाटे ट्रेलरच्या आवाजानं मला जाग आली म्हणून मी गॅलरीत गेलो. बिल्डिंगच्या कोपऱ्यावर तो उभा होता, इंजिन चालू. सामंत जाकीट घालून जिन्यातून बाहेर आले. हातात ग्रॅहमची पांढरी बादली होती, काठोकाठ पाण्यानं भरलेली. एका अंगानं वाकून, दोनदा खाली ठेवत, त्यांनी ती कडुनिंबापर्यंत नेली आणि हळूहळू सगळं पाणी झाडाला घातलं. पठाणानं हॉर्न वाजवला. सामंतांनी त्याला थांब म्हणून हात केला. बादली बुंध्याशी ठेवली, वर पहिल्या मजल्याच्या खिडकीकडे एकदा बघितलं. तिथे वहिनी उभ्या असणार, मला वरून दिसत नव्हतं. मग ते ट्रेलरकडे चालायला लागले. दुसऱ्या दिवसापासून ती बादली भरून झाडाला घालायचं काम वहिनींनी सुरू केलं आणि एप्रिलमध्ये जाताना ते माझ्याकडे दिलं.